काळ्या बुरशीची साक्ष

१

पिंपं रिकामी होती. एक नव्हे, दोन.

गाश्पार लादानीनं दिवा वर धरला आणि बोटानं दाखवलं. तळघराच्या शेवटच्या फाट्यात खडकात कोरलेले तीन खोल कोनाडे होते, प्रत्येकात एक पिंप. दाराजवळचं भरलेलं होतं. आतल्या दोन पिंपांची बुचं जमिनीवर लोळत होती आणि लाकडावर टिचकी मारली की आतून नुसता पोकळ आवाज येत होता. सहा वर्षं मुरत ठेवलेली ऑसू, झाडावरच सुकून बुरसटलेली द्राक्षं एकेक मणी वेचून केलेली ती गोड वाइन, दोन पिंपं भरून नाहीशी झाली होती.

"कुलूप शाबूत आहे," गाश्पार म्हणाला. "किल्ल्या दोन. एक माझ्या खिशात, आणि मी आठवडाभर व्हिएन्नात होतो. दुसरी कुणाकडे, हे तुला सांगायला हवं का, बोरी?"

सांगायला नको होतं. दुसरी किल्ली एकेचाळीस वर्षं देझो बाचीच्या कमरेला होती. देझो बाची म्हणजे लादान्यांचा तळघर सांभाळणारा म्हातारा. सारं गाव त्याला काका मानायचं, म्हणून बाची.

बोर्बाला केमेचेई, गावाच्या तोंडी बोरी नेनी, म्हणजे बोरी मावशी, ही केशेर्दची डोंगरपंच होती. तोकायच्या टेकड्यांत वाइन करणाऱ्या प्रत्येक गावाला असा एक पंच असतो. त्याच्याकडे बंदूक नाही, बेड्या नाहीत, फक्त एक शिक्का. कुठल्या मळ्यातलं द्राक्ष कुठल्या पिंपात गेलं हे त्यानं बघायचं, चाखायचं आणि सही करायची. त्या सहीशिवाय गावाबाहेर एक बाटली जात नाही. राजाच्या फर्मानानं या टेकड्यांची हद्द आखली त्याला पावणेतीनशे वर्षं होत आली होती. पुढं सरकारी शेतीचा काळ आला आणि चाळीस वर्षं चांगली-वाईट सगळी वाइन एकाच टाकीत ओतली गेली. तोंड पोळलेली माणसं होती ती. म्हणून केशेर्दमध्ये देवळातल्या घंटेपेक्षा शिक्क्याला मान जास्त होता.

सहा वर्षांपूर्वी याच तीन पिंपांच्या दाखल्यावर बोरीनं सही केली होती. तो घोट तिला अजून आठवत होता. मध, जर्दाळू, आणि मागाहून जिभेच्या कडेला येणारा आंबटपणा. वाइन उत्तम होती याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

जिल्ह्याच्या गावाहून आलेला लेफ्टनंट हाल्मोश वयानं कोवळा होता आणि त्याला बिअरपलीकडे काही कळत नव्हतं. तसं त्यानं कबूलही केलं. उद्या दहा वाजता बुडापेस्टहून तपासणी अधिकारी येणार होत्या, कारण तिन्ही पिंपं आता बाटलीत भरायची होती. त्यांच्यासमोर बोरीनं एवढंच लिहून द्यायचं होतं, की या दोन पिंपांत ऑसू होती.

"तुमची सही झाली, की चोरी सिद्ध झाली," तो म्हणाला. "मग म्हाताऱ्याला घेऊन जायला मी मोकळा."

देझो बाची पायरीपाशी टोपी हातात धरून उभा होता. बोरीनं त्याला विनवलं, काहीतरी बोला, निदान नाही तरी म्हणा. तो तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघत राहिला.

"मला काही सांगायचं नाही," तो म्हणाला. आणि त्यानंतर त्यानं तोंडात जी मिठाची गुळणी धरली ती सोडली नाही.

२

निघण्याआधी बोरीनं एका रिकाम्या पिंपात नाक घातलं आणि ठसका लागून मागे सरली. आत गंधकाचा वास कोंडला होता, दुसरं काहीही नाही.

गाश्पार खिन्नपणे हसला. चोरानं पिंप रिकामं केल्यावर आत गंधकाची वडी जाळली होती. देझो बाचीनं आयुष्यात एकही रिकामं पिंप गंधकाची धुरी दिल्याशिवाय ठेवलं नव्हतं, हे गावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. चोरी करतानाही म्हाताऱ्याची सवय सुटली नाही, असं गाश्पारचं म्हणणं. लेफ्टनंटनं ते वहीत उतरवून घेतलं.

बोरी घराकडे निघाली खरी, पण तिचे पाय पिंपवाल्या मिहायच्या छपराकडे वळले. मिहाय पोंग्रात्स हा पिंपं बांधणारा. त्याच्याकडे मोठी गाडी होती, लादान्यांशी त्याचं वाकडं होतं, आणि वसंतात या दोन पिंपांचे लोखंडी पट्टे घट्ट करायला तो त्या फाट्यात जाऊन आला होता. म्हणजे संशयाला जागा भरपूर होती. त्याला ती ठाऊकही होती.

"माझ्यावर यायला वेळ लागला तुम्हाला," तो रंधा न थांबवता म्हणाला. "मी सकाळपासून स्वच्छ शर्ट घालून बसलोय."

बोरीनं गंधकाचं विचारलं. मिहायचा रंधा तिथं थांबला. ऑसूचं पिंप सात वेळा उकळत्या पाण्यानं धुवा, त्याचा वास जात नाही, असं तो म्हणाला. त्याच्या बायकोनं तसल्याच एका पिंपात कोबी खारवला तर तो कोबी पाहुण्यांना लग्नातल्या मिठाईसारखा लागला होता. गंधकाच्या एका वडीनं सहा वर्षांचा गोडवा जाईल हे त्याला पटत नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट वसंतात पट्टे घट्ट करतानाच त्याला खटकली होती. ऑसू पिंपाच्या फटीतून थेंबभर तरी झिरपते, बुचाभोवती चिकट कड धरते. ती दोन पिंपं बाहेरून कोरडी ठणठणीत होती. देझो पुसत असेल, म्हणून त्यानं विषय सोडून दिला होता.

तिथून बोरी गेली इल्काकडे. इल्का ही गाश्पारच्या मेलेल्या भावाची बायको. वाटणीत तिला खालचं तळघर मिळालं होतं, लादान्यांच्या तळघराला लागूनच, एका भिंतीच्या अंतरावर. दिराचं नाव काढलं की तिच्या कपाळावर आठी यायची. चोरीची बातमी ऐकून तिला दुःख झालं आहे, असा आव तिनं आणला नाही.

तिची तक्रार वेगळीच होती. दहा-बारा दिवसांपूर्वी, मंगळवारी, भिंतीच्या बुडातून तिच्या तळघरात पाणी आलं होतं. दोन बादल्या भरल्या तिनं. दिराला जाब विचारायला गेली, तर त्यानं फरशी धुतल्याचं सांगितलं आणि बुधवारी सकाळी तो व्हिएन्नाला पळाला.

"वाइन नव्हती ना गं ती?" बोरीनं विचारलं.

"बोरी नेनी, मी तोकायची आहे. भिंतीतून ओल आली तर आधी बोट बुडवून चाटून बघणार. पाणीच होतं. शिळं, गंधकाचं, दगडाची चव असलेलं पाणी."

कुठंतरी पाणी मुरतंय असं लोक म्हणतात. इथं ते चक्क बादलीत भरलेलं होतं. चोरीनंतर पिंपं धुतली असतील तर धुणारा गाश्पार स्वतःच होता, कारण मंगळवारी तो गावात होता आणि फरशी धुतल्याचं त्यानंच इल्काला सांगितलं होतं. पण स्वतःची वाइन चोरून त्याला काय मिळणार होतं? आणि त्यानं वाइन नेली असेल, तर पिंपांना तिचा वास का नव्हता?

बोरी इल्काच्या दारातच उभी राहिली. तिला अचानक तिसरं पिंप आठवलं. भरलेलं पिंप दाराजवळ होतं. दाराजवळचं सोडून आतली दोन उपसणारा चोर तिनं उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता.

३

दुपारी ती एकटीच पुन्हा खाली उतरली. लेफ्टनंटनं कुलपाची किल्ली तिच्याकडे ठेवली होती. द्राक्षरस आंबण्याच्या दिवसांत तळघरातल्या हवेनं माणसं मरतात, म्हणून तिनं रीतीप्रमाणे मेणबत्ती पुढं धरली. ज्योत स्थिर होती.

तोकायच्या तळघरांत भिंतींवर काळी बुरशी असते. जाड, मऊ, लोकरीसारखी. ती वाइनवरच जगते. पिंपाच्या लाकडातून जी वाफ सुटते ती खाऊन ही बुरशी वाढते. परक्या माणसाला ती किळसवाणी वाटते, इथली माणसं जाता-येता तिच्यावर मायेनं हात फिरवतात. लहानपणापासून ती डोळ्यांसमोर असल्यानं तिच्याकडे कुणी बघत मात्र नाही. सकाळी बोरीनंही बघितलं नव्हतं. देझो बाची भिंतीकडे का बघत होता, हे तिला आत्ता सुचलं.

तिनं दाराजवळच्या कोनाड्यात मेणबत्ती धरली. भरलेल्या पिंपावरचं छत काळंभोर होतं. बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

मग ती आतल्या दोन कोनाड्यांकडे गेली. तिथं खडक दिसत होता. वर राखेसारखा करडा, कोरडा थर होता. नखानं खरवडला तर भुकटी होऊन पडला.

लादान्यांच्या घराण्यात एक रीत होती. पिंप भरलं की घरधन्यानं त्या सालचं नाणं वरच्या भिंतीवर दाबून चिकटवायचं. बुरशी हळूहळू त्याला गिळते, आणि नाणं दिसेनासं झालं की वाइन मुरली असं समजायचं. बोरीनं भरलेल्या पिंपावर चाचपलं. बराच वेळ उकरल्यावर बोटांना धातूची कड लागली. आतल्या कोनाड्यांतली दोन्ही नाणी उघडी होती. एक तिनं हात लावताच गळून तिच्या तळहातावर पडलं, सहा वर्षांपूर्वीचं साल असलेलं, टाकसाळीतून आल्यासारखं लख्ख. दुसरंही तिनं काढून रुमालात बांधलं.

त्या दोन पिंपांत कधीच वाइन नव्हती. सहा वर्षं त्यांत पाणी होतं. लाकूड सुकून फटी पडू नयेत म्हणून भरलेलं, सडू नये म्हणून गंधक घातलेलं पाणी. गाश्पारला त्या साली एकच पिंप साधलं होतं आणि त्यानं दाखल्यावर तीन चढवली होती. बाहेरच्या व्यापाऱ्याला तीन पिंपांचा शब्द देऊन बसला असणार. आज ना उद्या कुठून तरी भरू म्हणता म्हणता सहा वर्षं गेली, बाटल्या भरायची वेळ आली, आणि जे नव्हतंच ते चोरीला जाणं भाग पडलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

कोडं सुटलं होतं. बोरीला आनंद व्हायला हवा होता. पण ती त्या रिकाम्या पिंपाला टेकून खाली बसली.

कारण तीन पिंपं तपासून चाखली, असं दाखल्यावर लिहिलं होतं. आणि खाली तिची सही होती.

तो मध-जर्दाळूचा घोट तिनं या तळघरात घेतलाच नव्हता. नोव्हेंबरातल्या मार्टिनच्या सणाचा दिवस होता, वर ओसरीवर हंसाचं मांस शिजत होतं, बाहेर पाऊस होता. पायऱ्या निसरड्या झाल्यात, तू कशाला उतरतेस, म्हणून गाश्पारनं एकामागून एक तीन पेले वर आणून दिले होते. तिन्ही त्या एकाच पिंपातले. केशेर्दमध्ये सगळे असंच करत. पेला हातात दिल्यावर आता पिंप दाखव म्हणणं म्हणजे यजमानाला त्याच्या ओसरीवर खोटारडा म्हणणं. तिनं म्हटलं नव्हतं. ती पंच होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती आणि तिला गावात सगळ्यांची आवडती व्हायचं होतं.

४

संध्याकाळी देझो बाची आपल्या घरी स्वयंपाकघरात घेवड्याचं सूप ढवळत होता. बोरीनं मेजावर त्यांतलं एक नाणं ठेवलं. त्यानं एकदा बघितलं आणि पुन्हा पळी फिरवू लागला.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

त्या साली मार्टिनच्या सणाच्या आधी त्याचं कंबरेचं हाड मोडलं होतं आणि ईस्टरपर्यंत तो इस्पितळात होता, हे बोरीला आठवत होतं. बाकीचं त्यानं सावकाश सांगितलं. परत आला तेव्हा पिंपांना घरच्या मेणाची मोहोर होती आणि मालकानं हात लावू नको म्हणून बजावलं होतं. पण वर्षभरात भिंतीनं त्याला सगळं सांगून टाकलं. बुरशीला खोटं बोलता येत नाही.

"मग बोलला का नाहीत? सहा वर्षं, बाची. आज पोलीस दारात आला तरी नाही?"

"दाखल्यावर सही कुणाची होती?"

सरकारी शेतीच्या कचेरीत एकोणीस वर्षांची कारकून म्हणून ती आली तेव्हा लादान्यांचं तळघरही सरकारजमा होतं, आणि तिथं याच माणसानं तिला चाखायला शिकवलं होतं. टाकीतली वाइन तोंडात धरून, यात किती मळे मेलेत ते सांग, असं तो विचारायचा.

"हे बघ पोरी," देझो बाची म्हणाला, "मी एकाहत्तरचा. ना बायको, ना मूल. मला चोर म्हणाले तर काय घेतील माझं? तुझी अजून नोकरी आहे. आणि ती नुसती तुझी नाही. तू एक सही खोटी म्हणालीस, की तुझ्या आठ वर्षांच्या सगळ्या सह्यांवर बोट येईल. दीडशे घरांची पिंपं उघडतील. गाव तुला दारात उभं करणार नाही. उद्या सही कर आणि गप्प बस."

"आणि तुम्ही?"

"मी सूप पितो," तो म्हणाला, आणि त्यानं तिच्यापुढेही एक वाडगा सरकवला.

ती प्यायली नाही. तिला त्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त, क्षणभर का होईना, आपल्याला सुटल्यासारखं वाटलं याचा राग आला होता.

५

दहा वाजता पंचायतीच्या दालनात चाळीसेक मळेवाले जमले होते. बुडापेस्टच्या अधिकारी बाईंनी चष्मा पुसून कागद पुढं ओढला. लेफ्टनंट हाल्मोश देझो बाचीच्या मागं उभा होता. गाश्पार पुढच्या खुर्चीत, काळा कोट घालून, घरात मयत झाल्यासारखा बसला होता.

"लिहा, बाई," लेफ्टनंट म्हणाला.

बोरीनं लेखणी उचलली नाही. रुमाल सोडून तिनं दोन लख्ख नाणी मेजावर ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. पिंपांत गंधक का जाळलं, तर आत ऑसूचा वास कधी नव्हताच आणि ते कुणाला कळू नये म्हणून. इल्काच्या तळघरात आलेलं पाणी कुठलं, तर पिंपांतलं. चोरानं दाराजवळचं पिंप का सोडलं, तर तेवढंच एक खरं होतं आणि ते गमवायची मालकाची छाती झाली नाही. आणि मग तिनं बुरशीचं सांगितलं. तिसरं नाणं अजून भिंतीतच आहे, ज्याला शंका असेल त्यानं खाली जाऊन बोटानं उकरावं.

चाळीस माणसं तिथं बसली होती, त्यांतल्या एकाच्याही मनात शंका उरली नाही. ती सगळी त्याच बुरशीत वाढलेली होती. मिहाय हळूच म्हणाला, "तरीच बाहेरून चिकट नव्हती."

गाश्पारचा चेहरा पांढरा पडला, पण तो डगमगला नाही. त्यानं दाखल्याची प्रत खिशातून काढून अधिकारी बाईंपुढे ठेवली.

"तीन पिंपं तपासून चाखली," त्यानं वाचून दाखवलं. "बोरी, ही सही तुझीच ना? पाण्याची चव घेऊन तू ऑसू लिहिलंस? की खाली उतरलीच नव्हतीस? सांग की गावाला. नीट विचार करून सांग. ही सही खोटी असेल तर या सगळ्यांच्या दाखल्यांचं काय होईल?"

दालनात खुर्च्या करकरल्या. बोरीनं मागं बसलेल्यांकडे बघितलं, मग देझो बाचीकडे. म्हातारा मान हलवत होता. नको, नको.

"सही माझीच आहे," ती म्हणाली, "आणि खोटी आहे. मी खाली उतरले नव्हते. तू ओसरीवर आणून दिलेला पेला मी प्यायले आणि तीन पिंपांचं लिहून दिलं. तू चोर आहेस, गाश्पार, पण तुला दार मी उघडून दिलं. देझो बाचीनं काही घेतलेलं नाही. त्याला जाऊ द्या."

लेफ्टनंट बाजूला झाला. अधिकारी बाईंनी बराच वेळ लिहिलं आणि मग कोरड्या आवाजात सांगितलं, की केमेचेई बाईंनी शिक्का जमा करावा, आणि त्यांच्या कारकिर्दीतला प्रत्येक दाखला पुन्हा तपासला जाईल. कुणाला आक्षेप आहे का?

बोरी शिव्यांची वाट बघत उभी राहिली. शिव्या आल्या नाहीत. कुणी मान वर केली नाही. त्या चाळीसांतल्या प्रत्येकानं कधी ना कधी, पायऱ्या निसरड्या आहेत म्हणून, तिला पेला वरच आणून दिला होता. त्यांतले बहुतेक सरळ होते. पण आता ज्याचा तो आपापली पिंपं मनात मोजत बसला होता.

तिनं शिक्का मेजावर ठेवला आणि बाहेर आली. पायरीवर देझो बाची उभा होता. रागानं त्यानं टोपी मुठीत चुरगाळली होती.

"सहा वर्षं तोंड शिवून बसलो, ते हे बघायला?"

"माझ्यासाठी कुणी चोर व्हावं एवढी मी मोठी नाही, बाची."

त्यानं टोपी डोक्यावर घातली.

"लादान्यांकडचं माझं काम आज सुटलं," तो म्हणाला. "तुझंही सुटलं. इल्काला मणी वेचायला माणसं हवीत. सकाळी सातला ये. जेवण घरून आण, ती बाई कंजूष आहे."

"बरं," बोरी म्हणाली, आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं.